पाणी मुरतंय कुठे?

जुना फ्लॅट विकत घ्यायचा असेल तर तो जुलैत बघावा, तोही सलग दोन-तीन दिवस धो धो कोसळून गेल्यावर. आपल्याकडे नेमकं उलट होतं. दिवाळी झाली की बोलणी सुरू होतात, पाडव्याच्या मुहूर्तावर टोकन दिलं जातं आणि मुलांच्या शाळा उघडायच्या आत ताबा हवा असतो. ठाण्याला वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ते चार महिने सोडून बाकी वर्षभर आपण घरं बघत हिंडतो. मार्चमध्ये छताला ताजा पांढरा रंग असतो आणि एजंट सांगतो, ‘‘साहेब, आत्ताच पेंटिंग झालंय, एक रुपया घालायला नको.’’

भिंती चार वर्षांपूर्वीच्या रंगात आणि छत तेवढं नवंकोरं असेल, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा. एकाच खोलीला फॉल्स सीलिंग आणि बाकीच्या खोल्या साध्या, असं दिसलं तर दुसरा. हॉलला सीलिंग असणं स्वाभाविक आहे. मागच्या छोट्या बेडरूमला किंवा पॅसेजला ते कशासाठी केलं असेल? मालकाच्या परवानगीने दिव्याचं एखादं भोक मोकळं करून मोबाइलचा टॉर्च आत मारला, की बरंच काही दिसतं. परवानगी मिळाली नाही, तर तेही एक उत्तरच.

कल्याणच्या जुन्या गावठाणात, ठाण्याच्या काही गल्ल्यांत अजून कौलारू घरं आणि पत्र्याच्या चाळी आहेत. त्यांचं दुखणं वेगळं आणि एका अर्थी सोपं: फुटकं कौल, कुजलेला वासा डोळ्यांना दिसतो आणि बदलता येतो. या भागात घर घेणाऱ्या बहुतेकांची गाठ पडते ती स्लॅबशी. नौपाड्यात, कळव्यात, डोंबिवलीच्या रामनगर-टिळकनगरात, कल्याणच्या रामबागेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती आज पुनर्विक्रीच्या बाजारात आहेत. त्यांतला वरचा मजला स्वस्त मिळतो. कारण म्हणून जिने सांगितले जातात. उन्हाळ्यातली तापलेली गच्ची आणि पावसाळ्यातली गळती क्वचितच सांगितली जाते.

पण मधला मजला घेतला म्हणजे छताची काळजी मिटली, असं समजू नका. तुमचं छत म्हणजे वरच्याची जमीन. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालचे मजले घेत गेला. सहा माणसं गेली. त्याआधी २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात मोहिनी पॅलेस आणि साईशक्ती या दोन इमारतींचे स्लॅब पंधरवड्याच्या आत असेच एकावर एक खाली आले होते. तिन्ही घटना मोसमी पाऊस सुरू होण्याआधीच्या. स्लॅब पडायला त्या दिवशी पाऊस लागतोच असं नाही. आधीच्या वीस-पंचवीस पावसाळ्यांनी आपलं काम करून ठेवलेलं असतं.

ते काम कसं चालतं हे एकदा समजलं की इंजिनिअरचा अहवाल वाचणं सोपं जातं. स्लॅबमधली सळी काँक्रीटच्या पोटात सुरक्षित असते, कारण ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या वातावरणात लोखंड गंजत नाही. सळीच्या खाली काँक्रीटचा जो पातळ थर असतो त्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात. स्लॅबला तो जेमतेम १५ ते २० मिलिमीटर असतो. सेंट्रिंगवर सळ्या तुडवल्या जाऊन खाली बसल्या असतील तर त्याहूनही कमी. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो आणि काँक्रीटचा हा गुण संपवत आणतो. त्यात वरून पाणी झिरपू लागलं की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, कधी कित्येक पट जागा मागतो. ती जागा मिळवण्यासाठी तो खालचं कव्हर ढकलतो. आधी केसाएवढी चीर, मग फुगवटा, मग खपली.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीचं मोठागाव इथल्या खाडीतून निघणारी रेती वर्षानुवर्षं या परिसरातल्या बांधकामांना पुरवली गेली. खाडीची रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर क्षार काँक्रीटमध्येच राहतात, आणि क्लोराइड असलं की सळी गंजायला काँक्रीट जुनं होण्याची वाट बघावी लागत नाही. इमारतीला रेती कुठून आली होती हे आज कोणी सांगणार नाही. तपासणीत क्लोराइडची चाचणी मात्र करून घेता येते, आणि खाडीलगतच्या इमारतीसाठी ती करून घ्यावीच.

आता छताखाली उभे राहा. दिवसा, खिडकी उघडून, टॉर्च छताला जवळजवळ समांतर धरून. असा तिरपा उजेड टाकला की सरळ बघताना न दिसलेले फुगवटे उठून दिसतात.

पिवळट-तपकिरी कडा असलेला गोल डाग म्हणजे पाणी येऊन वाळलेलं. एकात एक अशी वर्तुळं असतील तर दरवर्षी येऊन वाळलेलं. पांढरी, पिठासारखी पूड हाताला लागली तर पाणी स्लॅबमधून आरपार उतरून सिमेंटमधले क्षार बाहेर आणतंय. त्याला आपण लोणा म्हणतो. रंगाचे पोपडे नुसतेच सुटले असतील तर ते वाफेने किंवा हलक्या रंगामुळेही असू शकतं, त्याने घाबरू नये. घाबरायचं ते रेषांना. छतावर चार-सहा इंचांच्या अंतराने, एकमेकींना समांतर, सरळ जाणाऱ्या चिरा किंवा तांबूस पट्टे दिसले, तर पाणी आपली वाट सोडून सळ्यांच्या वाटेने चाललेलं आहे. डाग कितीही मोठा असला तरी एकवेळ चालेल. अशी दोन हात लांबीची रेष सुद्धा इंजिनिअरला बोलावण्याचं कारण आहे.

शिडीवर चढून, जिथे खपली सुटण्याची भीती नाही अशा ठिकाणी, लाकडी मुठीने हलकेच ठोकत जा. घट्ट प्लास्टर खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द आवाज म्हणजे एकतर नुसतं प्लास्टर सुटलंय, किंवा कव्हरच सळीपासून वेगळं झालंय. पहिल्याला गवंडी पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. हे दोन वेगळे करणं हेच तपासणीचं मुख्य काम, आणि ते तुमचं-माझं नाही.

पाणी कुणाचं, हे मात्र तुम्ही बरंचसं ओळखू शकता. फक्त पावसाळ्यात येतं ते गच्चीचं किंवा बाहेरच्या भिंतीचं. बारा महिने येतं ते नळाचं: वरच्याच्या बाथरूमचं, किंवा गच्चीवरच्या टाकीचं. शेजारच्या माणसाला सहज विचारावं, ‘‘मे महिन्यातही ठिबकतं का हो?’’ मालकापेक्षा शेजारी खरं सांगतो. बाथरूमच्या छतात ओल असेल तर वरच्या घरात जाऊन नहाणी ट्रॅप कुठे आहे ते बघून या. वरच्याने स्वयंपाकघर हलवून तुमच्या बेडरूमवर आणलंय का, बाल्कनी आत घेऊन तिथे मोरी केलीय का, हेही त्याच फेरीत कळतं. गोड बोलून जावं. उद्याचे शेजारी आहेत.

मग गच्चीवर. ‘गच्ची आपलीच समजा’ असं वरच्या मजल्याच्या गिऱ्हाइकाला ऐकवलं जातं. ती आपली नसते. रेरा कायद्याच्या व्याख्येत गच्ची सामायिक जागेत मोडते. विकणाऱ्याला ती विकता येत नाही आणि तुम्हाला ती एकट्याच्या जोरावर दुरुस्तही करता येत नाही. घराचा सर्व्हे इथे थोडा सोसायटीचा सर्व्हे होतो, तो यामुळे.

गच्चीवर पाण्याची वाट बघायची. चांगल्या गच्चीला शंभर फुटांना साधारण एक फूट एवढा उतार खुऱ्याकडे असतो, म्हणजे पावसाच्या पाइपाच्या तोंडाकडे. शेवाळाचे काळे-हिरवे पट्टे, मातीचे वाळलेले थर दिसले तर पाणी तिथे साचतं. खुऱ्यात पाला-प्लास्टिक अडकलंय का, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथली गोलाई, ज्याला वाटा म्हणतात, फुटलीय का, चायना मोझॅकच्या तुकड्यांमधून गवत किंवा पिंपळ उगवलाय का हे बघा. पिंपळाचं रोप चार पानांचं असलं तरी मूळ कोब्याच्या, म्हणजे गच्चीवरच्या जलरोधक थराच्या, खाली गेलेलं असतं. टाकीच्या पायाशी सततची ओल, डिशच्या आणि इंटरनेटच्या खांबांसाठी कोब्यात मारलेले बोल्ट, हेही टिपून ठेवा.

कोब्याबद्दल दोन शब्द जास्त, कारण इथे सोसायट्या हमखास चुकतात. विटांच्या तुकड्यांचा कोबा ही आपल्याकडची जुनी, चांगली पद्धत. पण तो जड असतो: चार-साडेचार इंच जाडीला दर चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो. पंधरा वर्षांनी गळायला लागला की जुना तोडायचा खर्च आणि धूळ वाचवायला त्याच्यावरच दुसरा टाकतात. पाचशे चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरच्या फ्लॅटवर अशाने नऊ टनांच्या वर नवं ओझं चढतं, आणि तेही आधीच ओल्या, गंजत्या सळ्यांच्या स्लॅबवर. कठड्याची उंची गच्चीवर उभं राहून मोजा. ती मांडीएवढीच भरत असेल, तर कठडा लहान बांधला नव्हता, गच्ची वर आलीय.

आणि पत्र्याची शेड. ठाणे-डोंबिवलीत गच्चीवरची निळी-हिरवी शेड आता इमारतीचाच भाग वाटते. ती पाऊस अडवते, हे खरं. पण शेड घातली म्हणजे स्लॅब दुरुस्त झाला नाही; पाणी थांबलं तरी आत सुरू झालेला गंज हवेतल्या दमटपणावर चालू राहतो. शेडला महापालिकेची परवानगी आहे का, तिचे खांब कोबा फोडून स्लॅबमध्ये रोवलेत का, आणि शेड घालण्याआधी वरच्या मजल्यांची छतं कोणी तपासली होती का, हे तीन प्रश्न सेक्रेटरींना विचारा. तिसऱ्या प्रश्नावर बहुधा शांतता असते.

इंजिनिअर बोलवायचा तो स्ट्रक्चरल, महापालिकेच्या नोंदणीतला, आणि सोसायटीशी किंवा वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराशी संबंध नसलेला. ‘मोफत पाहणी’ करणारे केमिकलवाले रोग बघायच्या आधीच औषध काढून बसतात. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला यावरही विसंबू नका. तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढं पाहतो. तुमच्या बेडरूमचा डाग त्याच्या फॉर्मात बसत नाही.

इंजिनिअरच्या अहवालात जे आकडे येतील, त्यांतले काही तुम्हालाही वाचता यावेत. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून वेग मोजतात, ती अल्ट्रासोनिक चाचणी. वेग जितका जास्त तितकं काँक्रीट चांगलं; सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली असेल तर ते शंकास्पद. सळी गंजतेय का हे हाफ-सेल चाचणीत मिलिव्होल्टमध्ये येतं. आकडा उणे ३५० च्याही खाली असेल तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर धरतात. हॅमरची चाचणी फक्त पृष्ठभागाचं बोलते. एवढ्या एकाच चाचणीवर इमारत ‘उत्तम’ ठरवणारा अहवाल बाजूला ठेवावा.

सगळ्यांत बोलकी चाचणी स्वस्तातली आहे. छताचा छोटा तुकडा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं. ज्याचा अल्कधर्मी गुण हवेने खाल्लाय ते जसंच्या तसं राखाडी राहतं. राखाडीचा पट्टा खालून किती मिलिमीटर वर गेलाय आणि सळी किती मिलिमीटरवर आहे, ही दोन मापं शेजारी ठेवा. पट्टा सळीच्या अलीकडे थांबला असेल तर वेळ आहे. सळीच्या पलीकडे गेला असेल, तर पुढच्या प्रत्येक ओलीला ती सळी उघडीच सापडणार. हे दृश्य खरेदीदाराने स्वतः हजर राहून बघावं. पंचवीस पानी अहवालापेक्षा लवकर समजतं.

आता कागद. तीस वर्षांवरच्या इमारतीला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र महापालिकेला द्यावं लागतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. तेव्हा ‘ऑडिट झालंय का?’ असं न विचारता ‘शेवटचं कधी झालं, आणि त्यात सांगितलेल्यापैकी काय केलं?’ असं विचारा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रहिवासी असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ किंवा सी-२ए मधला फ्लॅट ‘रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे’ या आशेवर घेऊ नका. जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नसेल किंवा बांधकामच अनधिकृत असेल, तर ती आशा वर्षानुवर्षं लांबते आणि तोवर भाडं तुम्ही भरता.

इमारत नवी असली तरी कागद सुटत नाहीत. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कम्पाउंडमध्ये कोसळलेली इमारत जुनी नव्हती, तिचं बांधकाम चालूच होतं. ७४ माणसं गेली. कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या ६५ इमारतींवर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिला, त्यांनी बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली होती. म्हणून महारेराचा क्रमांक बघून थांबायचं नाही. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घ्यायचं. अधिकृत नव्या इमारतीत एक आधार असतो: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दूर करायचा असतो. तीन वर्षांचा फ्लॅट पुनर्विक्रीत घेत असाल तर गळतीची लेखी तक्रार आधीच्या मालकाने केली होती का, त्याची प्रत मागा.

सोसायटीच्या कागदांत सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. मागच्या पाच वर्षांची मागवा. ‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली व विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले’ हे वाक्य लागोपाठ तीन वर्षं दिसलं, तर तुमची पहिली तीन वर्षंही त्यातच जाणार. नियम तुमच्या बाजूचा आहे: गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीने वरच्या मजल्याचं छत, प्लास्टर बिघडलं तर दुरुस्ती सोसायटीने करायची, वरच्याच्या संडास-बाथरूममधली गळती संबंधित सभासदांनी आपसांत निस्तरायची. पण नियमाला पैसा लागतो. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का जमा व्हायला हवा. सोळा सभासदांची सोसायटी, निधीत दीड-दोन लाख, आणि चौघांची थकबाकी, असं चित्र असेल तर बाकीचं गणित तुम्हीच करा. मेंटेनन्स फारच कमी आहे, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. मला तो धोक्याचा इशारा वाटतो.

सगळं बघून झाल्यावर घर सोडूनच द्यायचं, असं नाही. गच्चीचा कोबा खराब, पण सळ्या शाबूत आणि सोसायटीचा ठराव झालेला, असा फ्लॅट मी खुशाल घ्या म्हणेन. तुकड्यात गुलाबी रंग आला, रेषा नाहीत, फक्त डाग आहेत, तर तो भाव कमी करायचा मुद्दा आहे, घर नाकारायचा नाही. एकदोन खोल्यांत सळ्या उघड्या पडल्यात पण जाडी फारशी झिजलेली नाही, तर दुरुस्ती होते. क्रम तेवढा पाळायचा. आधी वरून पाणी बंद, मग खालून सुटलेलं काँक्रीट काढून सळ्या साफ, त्यांना गंजरोधक लेप, नंतर पॉलिमर मॉर्टर. वरचं पाणी चालू ठेवून खालून केलेलं मॉर्टर दोन पावसाळ्यांत परत फुगतं. बीम-कॉलममध्येही उभ्या चिरा दिसल्या, तर तो एका फ्लॅटचा प्रश्न राहिलेला नाही. तिथे मी तरी मागे फिरेन.

भाव करताना आकडा तोंडी मागू नका, इंजिनिअरकडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घेऊन मागा. साठेखतात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: करारापूर्वी मंजूर झालेल्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी, तिचे हप्ते नंतर पडले तरी, विकणाऱ्याने द्यायची, आणि गळतीबाबत त्याला माहीत असलेलं सगळं त्याने जाहीर केलं आहे. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेताना प्रस्तावित वर्गणीचाही उल्लेख त्यात मागा. व्यवहार मार्चमध्येच उरकायचा असेल, तर शेवटच्या हप्त्यातला थोडा भाग सप्टेंबरअखेरपर्यंत मागे ठेवण्याची अट घालून बघा. बहुतेक विक्रेते नाही म्हणतात. ज्याला आपल्या छताची खात्री आहे तो थोडी घासाघीस करून तयार होतो, असाही अनुभव येतो.

ताबा मिळाल्यावर लाद्या बदलायच्या असतील तर ब्रेकर लावण्याआधी इंजिनिअरला विचारा आणि सोसायटीला लेखी कळवा. तुमची जमीनही कुणाचं तरी छत आहे. जुन्या लाद्यांवरच नव्या चढवू नका. फोडलेल्या लाद्यांचा, रेती-सिमेंटच्या गोण्यांचा ढीग खोलीच्या मधोमध साचू देऊ नका, रोजच्या रोज खाली उतरवा. फॉल्स सीलिंगचं काम मात्र पहिला पावसाळा उलटल्यावर काढा. तोवर छत उघडंच राहू द्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. सप्टेंबरात डाग रेघेच्या बाहेर गेला असेल, तर फोटोसह सेक्रेटरींना पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची.